लँकॅस्टर हाऊसचा करार आणि झिंबाब्वेची जमीन

(अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



एखादी वसाहत स्वतंत्र होते तेव्हा तिच्या लढ्याचा इतिहास आपण आवर्जून सांगतो. सत्तांतर ज्या कायदेशीर कागदांनी पार पडते ते कागद मात्र वकिलांचा विषय म्हणून बाजूला पडतात. आज मी अशाच काही कागदांविषयी बोलणार आहे. ते १९७९ साली लंडनमध्ये तयार झाले आणि त्यांनी ऱ्होडेशिया या वसाहतीचे झिंबाब्वे हे प्रजासत्ताक केले. सत्ता कोणाकडे जाईल आणि मालमत्ता कोणाकडे राहील, हे दोन प्रश्न या कागदांत जितक्या उघडपणे एकमेकांपासून वेगळे काढलेले आहेत तितके ते अन्यत्र क्वचितच आढळतील.

प्रथम जमिनीविषयी. १८९० साली सेसिल ऱ्होड्सच्या ब्रिटिश साऊथ आफ्रिका कंपनीची तुकडी या प्रदेशात शिरली. एन्देबेले आणि शोना जनतेने १८९६-९७ मध्ये उठाव केला; तो चिरडण्यात आला. पुढे प्रश्न निर्माण झाला की, ज्या जमिनी अद्याप कोणाला दिलेल्या नाहीत त्यांचा मालक कोण? हा वाद लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे गेला आणि १९१८ साली निकाल लागला : जमीन कंपनीची नाही, तेथल्या रहिवाशांची तर नाहीच नाही, ती ब्रिटिश राजाची आहे. काही जमातींची समाजरचना इतकी खालच्या पायरीवरची असते की त्यांच्या हक्कांच्या कल्पना सुधारलेल्या समाजाच्या कायद्याशी जुळवता येत नाहीत, असा युक्तिवाद न्यायमूर्तींनी त्या निकालात केला. १९२३ साली कंपनीचा कारभार संपला तेव्हा ब्रिटिश सरकारने कंपनीला ३७ लाख ५० हजार पौंड दिले. ज्यांची जमीन गेली होती त्यांना काही देण्याचा प्रश्न कोणी काढलाच नाही. नुकसानभरपाई हा शब्द या विषयात पुन्हा पुन्हा येणार आहे. तो प्रथम कोणाच्या वाट्याला आला हे ध्यानात ठेवावे.

१९३० च्या जमीनवाटप कायद्याने देशाची अर्ध्याहून अधिक जमीन गोऱ्यांसाठी राखून ठेवली. त्या वेळी गोऱ्यांची संख्या सुमारे ५० हजार होती आणि आफ्रिकनांची दहा लाखांहून अधिक. पाऊसपाण्याची, रेल्वेलगतची जमीन पहिल्यांकडे आणि कोरडी, रेताड राखीव क्षेत्रे दुसऱ्यांकडे, अशी ती विभागणी होती. राखीव क्षेत्रात पोट भरत नाही म्हणून माणूस मजुरीसाठी मळ्यावर आणि खाणीत जातो. स्वस्त मजुरीचा पुरवठा अखंड राहावा यासाठी याहून खात्रीची व्यवस्था भांडवलाला कोणती हवी होती?

११ नोव्हेंबर १९६५ रोजी इयन स्मिथच्या गोऱ्या सरकारने एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर केले. पाच दिवसांत ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून सांगितले की ऱ्होडेशिया ही अद्याप आमचीच वसाहत आहे. परंतु त्या वसाहतीत ब्रिटनने एकही शिपाई पाठविला नाही. एका स्थानबद्ध राष्ट्रवाद्याच्या पत्नीने प्रिव्ही कौन्सिलपर्यंत दाद मागितली. १९६८ च्या जुलैत ती स्थानबद्धता बेकायदा ठरली, आणि तेथल्या न्यायालयांनी तो निकाल खुंटीला टांगला. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये राणीने दयेचा अधिकार वापरलेला असतानाही तिघा आफ्रिकनांना फाशी देण्यात आली होती. म्हणजे चौदा वर्षे कायदा लंडनमध्ये होता आणि बंदूक सॅलिसबरीत. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीने १९६६ पासून आर्थिक निर्बंध लादले. ते दक्षिण आफ्रिकेच्या आणि १९७४ पर्यंत पोर्तुगालच्या मदतीने राजरोस चुकविले गेले. स्मिथला वाटाघाटींपर्यंत आणले ते एन्कोमो यांच्या झापू आणि मुगाबे यांच्या झानू या पक्षांच्या सशस्त्र लढ्याने. पहिल्याला सोव्हिएत संघाचे पाठबळ होते, दुसऱ्याला चीनचे. १९७५ मध्ये मोझांबिक स्वतंत्र झाल्यावर लढ्याला पूर्वेची सीमा खुली झाली.

१९७८ मध्ये स्मिथने बिशप मुझोरेवा इत्यादींना हाताशी धरून ‘अंतर्गत तोडगा’ काढला. १०० पैकी २८ जागा गोऱ्यांना, आणि सैन्य, पोलीस, न्यायसंस्था आहेत तशाच. जगाने तो मानला नाही. ऑगस्ट १९७९ मध्ये लुसाका येथे राष्ट्रकुल परिषद भरली तेव्हा थॅचरबाईंचा कल मुझोरेवांना मान्यता देण्याकडेच होता. परंतु परिषद भरण्याच्या ऐन आदल्या दिवशी नायजेरियाने ब्रिटिश पेट्रोलियमची देशातील मालमत्ता राष्ट्रीयीकृत केली. त्यानंतर ब्रिटनने सर्वपक्षीय परिषद बोलाविण्याचे मान्य केले.

१० सप्टेंबर १९७९ रोजी लँकॅस्टर हाऊसमध्ये परिषद सुरू झाली. परराष्ट्रमंत्री लॉर्ड कॅरिंग्टन अध्यक्ष होते आणि त्यांनी विषयांचा क्रम ठरविला : प्रथम राज्यघटना, मग संक्रमणकाळाची व्यवस्था, शेवटी युद्धबंदी. हा क्रम साधा वाटतो, पण त्यात डाव होता. लढणाऱ्या पक्षाच्या हाती सौद्याची एकच वस्तू असते, ती म्हणजे लढाई. राज्यघटनेवर संमती दिल्याखेरीज पुढच्या विषयाकडे वळावयाचे नाही, आणि अडून बसलात तर आम्ही मुझोरेवांशी वेगळा करार करू, ही धमकी कायम टांगती ठेवलेली.

आता राज्यघटनेतील कलमे पाहू. शंभरपैकी वीस जागा गोऱ्यांसाठी; सात वर्षांपर्यंत ही तरतूद बदलावयाची तर शंभरच्या शंभर मते हवीत. मूलभूत हक्कांचे प्रकरण बदलण्यासाठी दहा वर्षांपर्यंत हीच अट. त्या हक्कांत सोळावे कलम मालमत्तेचे. शेतीच्या पुनर्वसाहतीसाठी सक्तीने जमीन घ्यावयाची असेल तर ती पुरेशी वापरात नसलेलीच घेता येईल. तिचा पुरेसा मोबदला त्वरित द्यावा लागेल. आणि तो मोबदला परदेशात नेण्याची मुभा राहील. सरकारी नोकरांची निवृत्तिवेतने शाबूत, तीही परदेशी नेता येतील. जुन्या राजवटीची कर्जेही नव्या राज्याच्या डोक्यावर आली. ज्या कर्जातून आपल्यावर गोळ्या झाडल्या गेल्या ते फेडण्याचे दायित्व स्वतंत्र झिंबाब्वेने उचलावयाचे होते!

व्यवहारात या व्यवस्थेला जे नाव पडले त्याचा मराठी अनुवाद करताना मी अडखळलो. ‘इच्छुक विक्रेता, इच्छुक खरेदीदार’ असे शब्दशः लिहिता येते. पण आपल्याकडील खरेदीखतात यासाठी मुरलेला शब्द आहे, ‘राजीखुशीने’. ‘राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून देतो’ असे सावकाराच्या ओसरीवर बसून किती कुळांनी लिहून दिले असेल ते आपण जाणतोच. येथे खुशी फक्त विक्रेत्याची पाहावयाची होती. त्याला वाटली तर त्याने विकावी, वाटेल ती जमीन विकावी. आणि घेणाऱ्याने, म्हणजे ज्याच्या आजोबाची ती जमीन होती त्याच्या सरकारने, बाजारभाव मोजावा.

ऑक्टोबरात याच कलमावर परिषद मोडण्याच्या बेतास आली. अखेर जमिनीसाठी पैसा उभा करण्याचे ब्रिटनचे आणि अमेरिकेचे आश्वासन मिळाल्यावर देशभक्त आघाडीने संमती दिली. आश्वासनाची रक्कम कोणत्याही कलमात नव्हती. मालमत्तेचे संरक्षण शंभर मतांच्या कुलपात बंद, आणि त्याची किंमत देण्याचे वचन मात्र तोंडी.

मग आघाडीने ते का स्वीकारले? याला फितुरी म्हणणे सोपे आहे. मी म्हणणार नाही. याच महिन्यांत ऱ्होडेशियाच्या फौजा झांबियाचे पूल उडवीत होत्या आणि मोझांबिकमध्ये घुसून मारा करीत होत्या. ज्या देशांच्या भूमीवर गनिमांचे तळ होते ते देश उपाशी राहून हे युद्ध पोशीत होते. समोरा माशेल यांनीच मुगाबे यांना करार करण्यास भाग पाडले.

त्यानंतरचा कायदेशीर सोपस्कार आपण बारकाईने पाहण्यासारखा आहे. स्वातंत्र्य कायदेशीरपणे द्यावयाचे तर देश आधी कायदेशीरपणे वसाहत असावा लागतो. म्हणून ११ डिसेंबर १९७९ रोजी सॅलिसबरीच्या पार्लमेंटने स्वतःचे स्वातंत्र्य रद्द करणारा कायदा केला. दुसऱ्या दिवशी गव्हर्नर लॉर्ड सोम्स विमानातून उतरले. करारावर सह्या व्हावयाच्या होत्या, त्या २१ डिसेंबरला झाल्या. म्हणजे गव्हर्नर आधी आला आणि करार मागून! त्याच सुमारास पार्लमेंटने झिंबाब्वे कायदा संमत केला. नव्या देशाची राज्यघटना राणीच्या एका हुकुमाला जोडलेले परिशिष्ट होती. तिच्यावर ना कोणती घटनासमिती बसली, ना जनतेचे मत घेतले गेले.

येथे आपला अनुभव शेजारी ठेवून पाहावा. भारतीय स्वातंत्र्याचा कायदाही १९४७ च्या जुलैत ब्रिटिश पार्लमेंटनेच केला. पण आपली राज्यघटना आपल्या घटनासमितीने केली, तिला गव्हर्नर जनरलची संमती घेतली नाही, आणि ३९५ व्या कलमाने तो ब्रिटिश कायदाच रद्द केला. मालमत्तेचे संरक्षण आपल्याकडेही होते. १९३५ च्या कायद्यातून ते एकतिसाव्या कलमात आले. मार्च १९५१ मध्ये पाटणा उच्च न्यायालयाने बिहारचा जमीनसुधारणा कायदा रद्द ठरविला, आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये पहिली घटनादुरुस्ती करून नववे परिशिष्ट जोडण्यात आले. संस्थानिकांचे तनखे १९७१ मध्ये गेले. जमीनसुधारणांचे पुढे आपल्या राज्यकर्त्या वर्गांनी काय केले तो वेगळा विषय आहे. परंतु कुलपाची किल्ली देशात होती. झिंबाब्वेत ती वीस गोऱ्या सभासदांच्या खिशात होती. त्यांतला एकही विरोधात गेला तरी पुरे.

२८ डिसेंबरला युद्धबंदी झाली. वीस हजारांहून अधिक गनीम ठरवून दिलेल्या तळांवर शस्त्रांसह येऊन बसले. दक्षिण आफ्रिकेची फौज बाइटब्रिजला जानेवारीअखेरपर्यंत गव्हर्नरच्या माहितीने ठाण मांडून होती. फेब्रुवारीच्या निवडणुकीत झानूला ५७, झापूला २०, मुझोरेवांना ३ जागा मिळाल्या आणि गोऱ्यांच्या वीसही जागा स्मिथच्या पक्षाला. १८ एप्रिल १९८० रोजी स्वातंत्र्य आले. त्या दिवशी सुमारे ६,००० गोऱ्या शेतमालकांकडे दीड कोटी हेक्टरांहून अधिक जमीन होती.

पुढच्या दहा वर्षांत काय झाले? १९८२ मध्ये १ लाख ६२ हजार कुटुंबांच्या पुनर्वसनाचे लक्ष्य ठरले; १९९० पर्यंत ५० हजारांच्या आसपास कुटुंबे बसविली गेली. ब्रिटनकडून एकंदर सुमारे ४ कोटी ४० लाख पौंड आले. जी जमीन राजीखुशीने विक्रीस आली ती बहुधा तुकड्यातुकड्यांची आणि कोरडवाहू.

पण सारा दोष लंडनवर टाकून मोकळे होणे आपल्याला शोभणार नाही. स्मिथच्या राजवटीची १९६५ ची आणीबाणी नव्या सरकारने दर सहा महिन्यांनी वाढवीत जुलै १९९० पर्यंत चालू ठेवली. ती उठविण्यासाठी शंभर मते लागत नव्हती; न वाढविणे एवढेच पुरे होते. जुना सुरक्षा कायदा तर २००२ पर्यंत राहिला. आणीबाणीच्या या अधिकारांच्या सावलीत १९८३ पासून मॅटाबेलेलँडमध्ये पाचव्या ब्रिगेडने हजारो सामान्य माणसे मारली. त्यांत झापूचे कार्यकर्ते होते, म्हणजे त्याच लढ्यातले सहकारी. आणि १९९० मध्ये घटनेचे कुलूप निघाल्यावर, १९९२ चा जमीन संपादन कायदा झाल्यावर, घेतलेल्या काही जमिनी मंत्र्यांना आणि अधिकाऱ्यांना भाडेपट्ट्याने दिल्याचे १९९४ मध्ये उघडकीस आले. १९९१ पासून नाणेनिधी आणि जागतिक बँकेच्या पुनर्रचना कार्यक्रमाने सरकारचे हात आणखी बांधले, हेही तितकेच खरे.

नोव्हेंबर १९९७ मध्ये ब्रिटनच्या मजूर सरकारच्या मंत्री क्लेअर शॉर्ट यांनी पत्र लिहून कळविले की, जमीनखरेदीचा खर्च उचलण्याची ब्रिटनवर खास जबाबदारी आहे असे आम्ही मानीत नाही. तोंडी वचनाचे असे झाले. एप्रिल २००० मध्ये झिंबाब्वेने घटनेत दुरुस्ती करून लिहिले की, घेतलेल्या शेतजमिनीची भरपाई देण्याचे दायित्व जुन्या वसाहतवादी सत्तेचे आहे. आपल्या घटनेने दुसऱ्या देशावर बंधन घालता येत नाही, हे कायद्याचा विद्यार्थीही सांगेल. पण १९७९ मध्ये दुसऱ्या देशाच्या हुकुमाच्या परिशिष्टाने यांच्यावर बंधन घातलेच होते.

२००० नंतर बहुतेक गोरे मळे ताब्यात घेतले गेले आणि दीड लाखांहून अधिक कुटुंबांना जमीन मिळाली. ही गोष्ट लहान नाही. मात्र ती बळजबरीच्या आणि पक्षीय वशिल्याच्या वातावरणात झाली, आणि त्या मळ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या राबलेले लाखो शेतमजूर, ज्यांतल्या अनेकांचे पूर्वज मलावी आणि मोझांबिकमधून आलेले होते, रस्त्यावर आले. १९७९ च्या करारात त्यांच्यासाठी कोणतीही तरतूद नव्हती. २००० च्या जमीनवाटपातही त्यांच्यापैकी फार थोड्यांना जागा मिळाली.

जुलै २०२० मध्ये झिंबाब्वे सरकारने गोऱ्या शेतमालकांशी करार केला : जमिनीचा नाही, पण तिच्यावरील विहिरी, इमारती, धरणे आदी सुधारणांचा मोबदला म्हणून ३५० कोटी अमेरिकी डॉलर. इतका पैसा तिजोरीत नव्हता. कर्ज काढून तो द्यावयाचा असा बेत होता. हा करार झाला त्याच्या १०२ वर्षे आधी प्रिव्ही कौन्सिलचा निकाल लागला होता. शेतमजुरांच्या प्रश्नावर आणि आपल्याकडील कूळकायद्याशी असलेल्या तुलनेवर चर्चा व्हावी अशी माझी इच्छा आहे. अध्यक्षांनी परवानगी दिल्यास मी आपले प्रश्न घेतो.