शेकोटीच्या लाकडाची गिटार

विजेची गिटार घरी बनवावयाची म्हटले की हौशी मंडळी आधी लाकडाची चौकशी करतात. चौकशी रास्तच, पण अशा वाद्याचा गळा ठरतो तो बराचसा पोटातल्या तारजोडणीने. लंडनजवळच्या फेल्टम गावची एक गिटार पाहा.

१९६३ च्या ऑगस्टमध्ये सोळा वर्षांचा ब्रायन मे आणि त्याचे वडील हॅरल्ड कामाला लागले. दुकानातली गिटार परवडणारी नव्हती. जुन्या शेकोटीच्या चौकटीतल्या महोगनीची मान झाली. किडीने पाडलेली भोके आगकाड्यांनी बुजवली. मोटारसायकलच्या स्प्रिंगा, आईच्या शिवणपेटीतली शिंपल्याची बटणे, जे हाताशी आले ते कामी लागले.

पिकअपसुद्धा मुलाने आधी घरीच गुंडाळले. पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार हलली की वेढ्यांत सूक्ष्म वीज उपजते. १८३१ साली फॅरडेने दाखविले ते हेच तत्त्व. आवाज निघाला खरा, पण सतारीवर मींड घेतात तशी तार आडवी ओढली की तो बिघडे. अखेर बर्न्स कंपनीचे तीन ट्राय-सॉनिक पिकअप विकत आणले आणि ते शीळ घालू नयेत म्हणून आत ॲरल्डाइट भरले.

आता जोडणी. पुष्कळ गिटारींत पिकअप समांतर जोडतात. आवाज स्वच्छ, उजळ, जोर बेताचा. या बापलेकांनी एकसर जोडणी पत्करली. तीत पिकअपांचे विद्युत्‌दाब एकात एक मिळतात, आवाज भरदार होतो. वरचे तीक्ष्ण सूर थोडे मावळतात, ते सोसायचे. आणि एक मेख आहे. एकसर जोडणीत एक पिकअप नुसता तोडला तर सगळी गिटारच मुकी होईल! म्हणून बंद करणारे बटण विजेला त्याच्या बगलेने वाट देणारे हवे. डाख देण्यापूर्वी हे कागदावर काढून पाहावे.

प्रत्येक पिकअपला दुसरे एक बटण, जोडणी उलटी करणारे. दोन पिकअप परस्परविरुद्ध जोडले की खर्जाचे सूर एकमेकांना खोडतात, कारण ते दोघांतही जवळजवळ सारखेच उमटतात. वरचे स्वरांश वेगवेगळे, म्हणून ते उरतात. आवाज किनरा, नाकातला येतो. हिशेब करा: एकेकट्याचे तीन, जोड्यांचे सहा, तिघांचे चार, एकूण तेरा. सगळेच काही कानाला गोड लागत नाहीत, पण निवड वाजविणाराच्या हाती राहते.

पुढे पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीबरोबर १९७० मध्ये ‘क्वीन’ हा वाद्यवृंद निघाला. त्यापायी मुलाने खगोलशास्त्राचे संशोधन अर्ध्यावर टाकले, तेव्हा हॅरल्ड फार खट्टू झाले. आणि गिटार तर त्यांनीच करून दिलेली! डॉक्टरेट मिळाली ती २००७ साली. तोवर वडील हयात नव्हते. गिटार मात्र तीच होती.