ईश्वरसिद्धी आणि अनुमानाची मर्यादा



‘देव आहे याला पुरावा काय?’ असा प्रश्न घरातील शिकत्या मुलाने केला की वडीलधारी मंडळी बहुधा रागावतात. प्रश्न नास्तिकपणाचा ठरतो, मुलगा गप्प बसतो आणि हळूहळू देवघराकडे फिरकेनासा होतो. वस्तुतः हा प्रश्न परका नाही, नवाही नाही. नैयायिक, मीमांसक, वेदान्ती आणि बौद्ध आचार्यांनी त्यावर शतकानुशतके वाद केला आहे. त्या वादाचे सार या पुण्यप्रसंगी ध्यानी घेणे उचित होईल.

ईश्वर अनुमानाने सिद्ध होतो, हा न्यायदर्शनाचा पक्ष होय. मिथिलेच्या उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमाञ्जलि’ या पाच स्तबकांच्या ग्रंथात तो परमोच्च कोटीस नेला. घट हे कार्य, त्याला कुंभार हा कर्ता. पृथ्वी, अंकुर हीही कार्येच. तेव्हा त्यांनाही कर्ता हवा. परमाणूंपासून अवघ्या विश्वाची जुळणी जाणून करणारा कर्ता अल्पज्ञ असू शकत नाही, म्हणून तो सर्वज्ञ ईश्वर. नैयायिकांना या अनुमानाची निकडही होती. त्यांच्या मते वेद प्रमाण आहेत ते ईश्वराने सांगितले म्हणून. आता ईश्वरही केवळ वेदावरूनच मानला, तर अन्योन्याश्रय हा दोष येतो.

सातव्या शतकातील बौद्ध आचार्य धर्मकीर्ती यांनी ‘प्रमाणवार्तिक’ ग्रंथात या अनुमानाच्या मर्मावर बोट ठेविले होते. मातीचा विकार एवढ्यावरून कुंभाराचे अनुमान करावयाचे, तर वारूळही कुंभारानेच घडविले असे म्हणावे लागेल! घट घडताना लोकांनी पाहिला आहे. पर्वत घडताना कोणी पाहिला? दोहोंना ‘कार्य’ हा एकच शब्द लावल्याने दोहोंची जात एक होत नाही. शेतातील अंकुर कर्त्यावाचून उगवतो, या आक्षेपावर नैयायिक म्हणतात की अंकुराचा कर्ता हाच तर वादाचा विषय. तो प्रतिपक्षाचा दृष्टान्त कसा व्हावा? उत्तर चतुर खरे, पण त्याने वाद मिटला नाही.

येथे विशेष हे की आक्षेप घेणारे केवळ वेदबाह्य नव्हते. वेदप्रामाण्याचे कट्टर कैवारी कुमारिल भट्ट ‘श्लोकवार्तिका’त विचारतात : देहावाचून कर्ता निर्माण कसे करील? करुणेने सृष्टी केली म्हणावे, तर सृष्टीपूर्वी करुणा करावी असा जीव कोण होता? आणि परमभागवत रामानुजाचार्य ‘श्रीभाष्या’त, ब्रह्मसूत्राच्या तृतीय सूत्रावर लिहिताना, अनुमानाचा हा पक्ष स्वतःच खंडितात. वाडा बांधणारे अनेक असतात. मग जगाचा कर्ता एकच कशावरून? पृथ्वी आणि समुद्र एकाच काळी, एकानेच केले कशावरून? शंकराचार्यांचाही निर्णय असा की ब्रह्म इंद्रियांचा विषय नव्हे. ते श्रुतिवाक्यांनीच कळते आणि तर्काने श्रुतीच्या मागोमाग चालावे.

अर्थात श्रुती न मानणाऱ्यास हे उत्तर बांधून ठेवीत नाही, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. तथापि त्यातून भक्तास एक मोठा बोध मिळतो. ज्या आचार्यांची भक्ती अढळ होती, त्यांनीच दुबळ्या पुराव्याचा आधार नाकारला. पाश्चात्त्य देशांत याच्या उलट घडले. विल्यम पेली यांनी 1802 साली घड्याळाच्या दृष्टान्तावरून सृष्टीचा रचनाकार सिद्ध केला. पुढे 1859 साली चार्ल्स डार्विन यांनी जीवांची रचना नैसर्गिक निवडीने कशी घडत जाते ते दाखविले. ज्यांनी आपली श्रद्धा त्या दृष्टान्ताकडे गहाण टाकली होती, त्यांच्या पायाखालची वाळू सरकली.

गोमंतकात सातेरी देवी वारुळाच्या रूपाने पूजिली जाते. वारूळ वाळवीने रचले, हे तेथील भाविकास पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. तरी त्याचे हात जोडलेलेच राहतात. धर्मकीर्तींचा आक्षेप कुंभाराच्या अनुमानाला जाऊन लागतो. या नमस्काराला नव्हे. कारण तो भाविक वारुळाचा कर्ता शोधीत नसतो, तो शरण आलेला असतो. मात्र शरणागती ही वादातील हेतू म्हणून पुढे करू नये. तसे केल्यास वादही बिघडतो आणि भक्तीही.

म्हणून मुलाने प्रमाण विचारले तर रागावू नये. पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडल्यावाचून सिद्धान्ताकडे वळू नये, ही पाठशाळांची जुनी शिस्त आहे. त्याच्यापुढे उदयन ठेवावे, धर्मकीर्ती ठेवावे, रामानुजही ठेवावे. तो कोणत्या निर्णयास पोहोचेल, हे आधी ठरवू नये. प्रश्न विचारल्यामुळे घरात कोणी परका झाला नाही, एवढे त्यास कळले तरी देवघराचे दार त्याच्यासाठी उघडे राहील.