राजूरचा चुना आणि दूरचं गिऱ्हाईक



महाराष्ट्रात राजूर एक नाही. जालना जिल्ह्यातलं राजूर गणपतीसाठी प्रसिद्ध आहे. दुसरं अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या वाटेवर. आणि हे आपलं, वणी तालुक्यातलं, कोळशाचं आणि चुन्याचं. इथल्या एखाद्या भट्टीवाल्याने नवी वेबसाइट काढली आणि वर नुसतं 'राजूर' लिहिलं, तर गूगलने ती कोणत्या राजूरची समजायची? म्हणून पहिल्याच ओळीत पूर्ण पत्ता हवा: राजूर, ता. वणी, जि. यवतमाळ. 'राजूर कॉलरी' हेही लिहा, कारण लोक तसंच म्हणतात.

पण पत्ता सापडला म्हणून कोणी येत नाही. माणूस येतो तो त्याची अडचण घेऊन.

याचं एक जुनं उदाहरण घ्या. कारखानदार लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते असं शेतकऱ्यांना वाटत होतं. पहिले नांगर खपायला फार वेळ लागला. पुढे 1920 मध्ये त्यांच्या कारखान्याच्या गावाहून, किर्लोस्करवाडीहून, 'किर्लोस्कर खबर' हे नियतकालिक निघू लागलं, शंकरराव किर्लोस्करांच्या संपादकत्वाखाली. कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकापर्यंत पोचवावी, हा मूळ हेतू. पण शंकररावांनी त्यात वाचण्यासारखं इतकं काही दिलं, की त्याचं 'किर्लोस्कर' मासिक झालं आणि नांगर कधीही विकत न घेणारी घरंसुद्धा त्याची वाट पाहू लागली. कारखान्याचं नाव त्या घरांत आपोआप पोचलं. नव्या वेबसाइटवर लोक कसे आणायचे, या प्रश्नाचं याहून चांगलं मराठी उत्तर मला माहीत नाही.

आता आपल्या चुन्याकडे या. बहुतेक वेबसाइट्सवर 'उत्तम दर्जा, तत्पर सेवा' असतं. हे शब्द कोणी शोधत नाही. साखर कारखान्याचा माणूस शोधतो, रस निवळायला कोणता चुना चालेल. जुन्या वाड्याची दुरुस्ती करणारा ठेकेदार विचारतो, घाणीत मळायला चुना किती दिवस आधी विरवून ठेवायचा. घरमालक विचारतो, कळीच्या चुन्याचं पोतं पावसाळ्यात टिकेल का. याची उत्तरं तुम्ही रोज फोनवर देता. तीच लिहा, एकेका प्रश्नाला एकेक पान.

दर का जास्त, हेही उघड सांगा. शुद्ध चुनखडी 100 किलो भाजली, तर 44 किलो वजन वायू होऊन उडून जातं आणि हाती 56 किलो कळीचा चुना येतो. त्यावर भट्टीचं इंधन आणि मजुरी. हा हिशोब ज्याने वाचला, तो दरावर तुमच्याशी वेगळ्या समजुतीने बोलेल. पाणी घालताना चुना उकळतो, डोळ्यांत उडाला तर नजर जाऊ शकते, हे ठळक अक्षरांत हवं. आपल्या मालाने कोणाला इजा होऊ नये, ही काळजी पानावर दिसलीच पाहिजे.

मराठीत लिहा, हिंदीतही लिहा. वणीहून चंद्रपूर जवळ आणि पुढे तेलंगणाही दूर नाही. फोटो हलके ठेवा, नाहीतर कमी रेंजमध्ये पान उघडेपर्यंत माणूस परत जातो. गूगलच्या नकाशावर भट्टीची नोंद फुकट होते, ती आधी करा. तुमचा चुना वापरणाऱ्या वास्तुविशारदाने त्याच्या वेबसाइटवरून तुमच्या पानाकडे दुवा दिला, तर शोधयंत्र त्याला साक्ष मानतं. 1998 मध्ये गूगल सुरू झालं तेच या कल्पनेवर. पैसे देऊन हजारो 'भेटी' मिळवून देतो म्हणणाऱ्यांना मात्र दारात उभं करू नका. त्या भेटींतून एक पोतंही उचललं जात नाही.

उद्यापासून फोनशेजारी एक वही ठेवा आणि गिऱ्हाइकाचा प्रश्न त्याच्याच शब्दांत उतरवून घ्या. ज्या शब्दांत तो फोनवर विचारतो, त्याच शब्दांत तो मोबाइलवर शोधतो. महिनाभरात तुमच्या वेबसाइटची पहिली दहा पानं त्या वहीत असतील.