तत्त्वनिष्ठ बंडखोर

मराठी भाषेनें बंडखोराला मोठ्या वाईट पंगतीला बसविलें आहे. भांडखोर, चहाडखोर, लांचखोर या मंडळींच्या मांडीला मांडी लावून तो बसलेला असतो. आणि 'खोर' हा प्रत्यय लागला कीं ऐकणाऱ्याचें मन आधींच कलुषित होतें. भाषेचा हा निवाडा अगदींच अन्यायाचा आहे असें नाहीं. पुष्कळजण हट्टासाठीं, मानासाठीं अथवा केवळ चारचौघांत उठून दिसावें म्हणून बंड करतात. परंतु याच नांवाखालीं दुसराही एक माणूस मोडतो. एखादी रूढि अन्यायाची आहे अशी त्याची खात्री पटलेली असते, आणि ती पटल्यावर त्या रूढीपुढें मान तुकविणें त्याला शक्य होत नाहीं. या दोघांतील भेद ओळखणें समाजाच्या हिताचें आहे. कारण आज सुशिक्षित घरांत जें सहज म्हणून उपभोगिलें जातें, त्यापैकीं कितीतरी गोष्टींच्या मुळाशीं या दुसऱ्या माणसाचें बंड आहे.

त्याला ओळखण्याच्या खुणा तीन. तो जें करतो तें उघड करतो. तें कां करतो, तें विचारणाऱ्याला सांगतो. आणि त्याचें मोल तो स्वतःच्या पदरचें देतो. हेकेखोराच्या हट्टाचा खर्च दुसऱ्याच्या खात्यावर पडतो; तत्त्वनिष्ठाच्या बंडाचा खर्च प्रथम त्याच्याच खात्यावर पडतो. मात्र या तिन्ही खुणा असलेलीं माणसें एकाच सांच्याचीं नसतात. महाराष्ट्राच्या अर्वाचीन इतिहासांत त्यांचे निदान पांच प्रकार स्पष्ट दिसतात, आणि प्रत्येकाचा उपयोग निराळा आहे.

पहिला प्रकार बोलणाऱ्याचा. गोपाळ गणेश आगरकर हे त्याचें ठळक उदाहरण. एम. ए. होऊन मोठ्या पगाराची नोकरी करावयाची नाहीं, पोटापुरतें मिळवून उरलेला वेळ लोकांच्या कामीं लावावयाचा, असें त्यांनीं आपल्या गरीब आईला विद्यार्थिदशेंतच कळविलें होतें. 'केसरी'चे ते पहिले संपादक. परंतु सामाजिक सुधारणेविषयीं मतभेद झाला तेव्हां त्यांनीं तें पत्र सोडलें आणि १८८८ सालीं 'सुधारक' काढला. बालविवाह, केशवपन, सोवळेंओवळें यांच्यावर त्यांनीं सरळ घाव घातला. चिडलेल्या विरोधकांनीं पुण्यांत त्यांच्या जिवंतपणींच त्यांची प्रेतयात्रा काढली. दम्यानें पोखरलेलें हें शरीर १८९५ सालीं, चाळिशीही न गांठतां, पडलें. त्यांच्या हयातींत विधवांचें केशवपन बंद पडलें नाहीं. मग त्यांनीं साधलें काय? जें मुकाट्यानें चाललें होतें त्याला त्यांनीं कारण विचारलें. रूढीला एकदां कारण विचारलें कीं तिला उत्तर द्यावें लागतें, आणि उत्तर देतां न आलें कीं तिचा पाया ढिला होतो. बोलणाऱ्या बंडखोराचें कार्य एवढेंच असतें, आणि तें थोडें नव्हे.

दुसरा प्रकार नकार देणाऱ्याचा. हा व्यासपीठावर चढत नाहीं. संकट त्याच्या दारीं येतें आणि तो 'नाहीं' म्हणतो. रखमाबाईंचें लग्न त्यांच्या वयाच्या अकराव्या वर्षीं झालें. त्या सासरीं नांदावयास गेल्या नव्हत्या. वयांत आल्यावर पतीनें ताबा मागण्यासाठीं मुंबईच्या हायकोर्टांत दावा लावला. १८८५ सालीं न्यायमूर्ति पिन्ही यांनीं निकाल रखमाबाईंच्या बाजूनें दिला. परंतु अपिलानंतर खटला पुन्हां उभा राहिला आणि १८८७ च्या मार्चमध्यें न्यायमूर्ति फॅरन यांनीं हुकूम केला कीं, पतीच्या घरीं जावें, नाहींतर सहा महिन्यांची कैद भोगावी. संमति नसतां लावलेलें लग्न मान्य करण्यापेक्षां कैद पत्करेन, असें त्या बावीस वर्षांच्या स्त्रीनें कळविलें. सनातनी तर खवळलेच, पण 'केसरी'सारखीं राष्ट्रीय वृत्तीचीं पत्रेंही तिच्या विरुद्ध गेलीं. अखेर १८८८ सालीं पतीनें दोन हजार रुपये घेऊन तडजोड केली. पुढें रखमाबाई इंग्लंडांत वैद्यक शिकल्या आणि परत येऊन त्यांनीं सुरत व राजकोट येथें स्त्रियांच्या दवाखान्यांत अनेक वर्षें सेवा केली. त्यांच्या नकारानें कायद्याचें खरें स्वरूप लोकांपुढें आलें. जो कायदा कागदावर निरुपद्रवी दिसत होता, तो एका निरपराध स्त्रीला तुरुंगांत धाडावयास निघाला आहे हें सर्वांनीं पाहिलें. १८९१ सालीं संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर गेली, तिच्या मागें जी चर्चा झाली तींत या खटल्याचा मोठा वांटा होता.

तिसरा प्रकार करून दाखविणाऱ्याचा. तो वाद घालीत नाहीं, दाखला घालून देतो. धोंडो केशव कर्वे यांनीं पहिली पत्नी वारल्यानंतर १८९३ सालीं गोदूबाई या विधवेशीं पुनर्विवाह केला. त्यांच्या मुरूड गांवानें बहिष्कार घातला आणि त्याची झळ वृद्ध आईपर्यंत पोंचली. अण्णासाहेबांनीं कोणाला शिव्याशाप दिले नाहींत. १८९६ सालीं त्यांनीं अनाथ बालिकाश्रम स्थापन केला, १९०० सालीं तो हिंगण्याच्या माळावर एका झोंपडींत नेला, आणि फर्ग्युसन कॉलेजांतील अध्यापन संभाळून ते पुण्याहून तेथें पायीं जात-येत राहिले. लोकांचा विश्वास मिळावा म्हणून त्यांनीं आश्रमाचें काम शिक्षणापुरतें ठेविलें आणि पुनर्विवाहाचा प्रचार त्यापासून दूर ठेविला. यासाठीं त्यांना सुधारकांचाही ठपका सोसावा लागला. परंतु ज्या पालकानें विधवा मुलीचा पुनर्विवाह कधींही मान्य केला नसता, तो तिला शिकावयास पाठवूं लागला. १९१६ सालीं त्याच बीजांतून महिला विद्यापीठ उभें राहिलें. शिकलेली विधवा प्रत्यक्ष डोळ्यांपुढें उभी राहिली म्हणजे शंभर व्याख्यानांनीं न सुटणारी शंका आपोआप सुटते.

चौथा प्रकार हक्क बजावणाऱ्याचा. येथें बंड एकट्याचें नसून समुदायाचें असतें, आणि गंमत अशी कीं कायदा बंडखोराच्याच बाजूला असतो. १९२३ सालीं मुंबईच्या कायदेकौन्सिलानें सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना मोकळे असल्याचा ठराव केला. महाडच्या नगरपालिकेनेंही पुढल्या वर्षीं तसा ठराव करून चवदार तळें मोकळें केलें. ठराव दप्तरांत पडून राहिला. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारों माणसांसह शांतपणें तळ्यावर गेले आणि तेथील पाणी प्याले. जेथें गुराढोरांना मज्जाव नव्हता तेथें माणसांनीं ओंजळभर पाणी घेतलें, आणि त्यासाठीं त्यांना मार खावा लागला. पुढें तळ्याची 'शुद्धि'ही करण्यांत आली. कोर्टाचा झगडा दहा वर्षें चालून १९३७ सालीं हायकोर्टाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूनें लागला. १९५० पासून अमलांत आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमांत विहिरी व तळीं यांचा नांवानिशीं उल्लेख आहे. कागदावरचा हक्क जोंवर कोणी बजावीत नाहीं तोंवर तो हक्क नव्हे, हें या प्रकारच्या बंडानें शिकविलें.

पांचवा प्रकार सर्वांत एकाकी. तो आपल्या काळाच्या इतका पुढें असतो कीं सुधारकही त्याच्या सोबतीला येत नाहींत. अण्णासाहेबांचेच ज्येष्ठ चिरंजीव रघुनाथराव कर्वे यांनीं १९२१ सालीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र उघडलें. त्यापायीं मिशनरी कॉलेजांतील गणिताच्या प्राध्यापकाची जागा त्यांना सोडावी लागली. १९२७ च्या जुलैपासून त्यांनीं 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविलें. अश्लीलतेच्या आरोपावरून खटले झाले, दंड झाला. १९३४ च्या खटल्यांत त्यांच्या बाजूनें डॉ. आंबेडकर उभे राहिले, तरी दंड टळला नाहीं. तडजोड हा शब्द रघुनाथरावांच्या कोशांत नव्हता. मासिक त्यांनीं अखेरपर्यंत चालविलें आणि १९५३ च्या ऑक्टोबरांत ते वारले. त्याच्या आदल्याच वर्षीं भारत सरकारनें कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हातीं घेतला होता. ज्या विषयासाठीं एका माणसाची नोकरी गेली, तोच विषय सरकारच्या धोरणांत येऊन बसला.

पितापुत्रांची ही जोडी विचार करण्यासारखी आहे. पित्यानें चार पावलें मागें घेऊन समाजाला बरोबर आणलें. पुत्रानें एकही पाऊल मागें घेतलें नाहीं आणि तो एकटा राहिला. यांतील खरा कोण, हा प्रश्नच चुकीचा आहे. आगरकरांनीं जमीन नांगरली नसती तर अण्णासाहेबांचें पेरणें वांयां गेलें असतें. आणि सगळेच आगरकर झाले असते तर पीक घरांत आणावयास कोणी उरलें नसतें. हे बंडखोर परस्परांना अपुरे वाटतात, एकमेकांवर टीका करतात. समाजाला मात्र ते सर्वच हवे असतात.

विरोध झाला म्हणजे मत सत्य ठरलें, असा मात्र याचा अर्थ नव्हे. तत्त्वनिष्ठ माणूसही चुकूं शकतो. परंतु तो उघड वागतो आणि कारण देतो, म्हणून त्याची चूक पारखतां येते, सुधारतां येते. मुकाट्यानें चालणाऱ्या रूढीची चूक पिढ्यान् पिढ्या कोणाला दिसतही नाहीं.

आणखी एक गोष्ट. बंडाचें मोल बंडखोर स्वतः देतो हें खरें, पण तें त्याला एकट्याला कधींच देतां येत नाहीं. पुनर्विवाहित म्हणून गांवाची अवहेलना सोसूनही गोदूबाई, म्हणजे बाया कर्वे, आश्रमासाठीं वर्गणी मागत हिंडल्या. रघुनाथरावांची नोकरी गेली तेव्हां मालतीबाई त्यांच्या पाठीशीं उभ्या राहिल्या. रखमाबाईंना कोर्टाशीं झगडतां आलें, कारण माहेरचें दार त्यांना बंद झालें नाहीं. बंडखोर घडतो तो सभेंत नव्हे. घरानें त्याला टाकलें नाहीं म्हणून तो उभा राहतो.

आगरकरांची तसबीर भिंतीवर लावणें सोपें आहे. त्याच भिंतीच्या आंत एखादी मुलगी ठरलेल्या लग्नाला नकार देते, अथवा एखादा मुलगा हुंडा घेणार नाहीं म्हणून अडून बसतो, तेव्हां घराची परीक्षा होते. तेथें रागावण्याआधीं तीन प्रश्न विचारावेत: हें उघड आहे काय? यास कारण आहे काय? आणि याची किंमत द्यावयास तो स्वतः तयार आहे काय? तिन्हींचें उत्तर होकारार्थी आलें, तर त्याचें मत पटो वा न पटो, त्याच्यासाठीं घराचें दार उघडें ठेवावें.