नगरचा बाजार आणि आमची शाळा
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



विद्यार्थ्यांच्या गुणगौरवाच्या या प्रसंगी बालपणीच्या चार आठवणी सांगाव्यात, अशी चिटणीसांची आज्ञा झाली. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक सेवानिवृत्त शिक्षक. पांडित्याची अपेक्षा आपण ठेवू नये, ही विनंती.

आज ज्यास आपण अहिल्यानगर म्हणतो, त्या नगर शहरात माळीवाड्यात आमचे बिऱ्हाड होते. सन १९६५ च्या सुमारास मी शाळेत जाऊ लागलो. वाटेत विशाल गणपतीस नमस्कार करावयाचा, आणि परतताना कापडबाजारातील ठाणे व आडते बाजारातील धान्याच्या राशी पाहत रेंगाळावयाचे, हा आमचा नित्यक्रम. दशमान नाणी १९५७ सालीच आली होती, किलोची मापेही सक्तीची झाली होती. परंतु दुकानदार चार आणे, आठ आणेच म्हणत आणि आजी शेर-पायलीनेच मोजी. शाळेतले गणित आणि बाजारातला हिशेब यांची सांगड घालता घालता आमचे तोंडी गणित पक्के झाले.

वडील एका आडत दुकानात हिशेब लिहीत. सन १९७२ च्या दुष्काळात धान्याची आवक आटली आणि त्यांची नोकरी गेली. शिधावाटप दुकानापुढे पहाटेपासून पिशव्यांची रांग लागे. परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोची भाकरी थापतानाच मोडे. खेड्यांतील आप्त खडी फोडावयास आणि पाझर तलावांच्या कामांवर गेले.

माझी थोरली बहीण तेव्हा आठवीत होती. तिचे अक्षर मोत्यासारखे आणि बुद्धी माझ्याहून तल्लख. तिची शाळा सुटली. ती घरी बसून तेंदूची पाने कातरू लागली, विड्या वळू लागली. हजार विड्यांमागे जी मजुरी मिळे, तीतून माझ्या वह्या-पुस्तकांचा खर्च चालला. पुढे पाऊस पडला, वडिलांना काम मिळाले. ताई मात्र शाळेत परतली नाही.

टंचाई इतर देशांनीही भोगली आहे. महायुद्ध संपल्यावरही इंग्लंडातील शहरांत मुलांच्या गोळ्या-चॉकलेटवर १९५३ पर्यंत आणि काही अन्नपदार्थांवर १९५४ पर्यंत नियंत्रण होते. तरीही त्याच काळात, १९४७ साली, त्या देशाने सक्तीच्या शिक्षणाची मर्यादा पंधरा वर्षांपर्यंत वाढविली. ताटातले कमी झाले, म्हणून शाळेचे दार लोटले नाही.

आपल्या नगरासही हा वारसा आहे. येथील मिस फरार यांची मुलींची शाळा पाहूनच जोतीराव फुले यांना प्रेरणा मिळाली आणि १८४८ साली त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. ज्या गावाने हा धडा दिला, त्याच गावात एका हुशार मुलीचे दप्तर खुंटीस लागावे, याची खंत मला आजही आहे.

सन २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे संरक्षण चौदाव्या वर्षापर्यंत आहे. नेमक्या त्याच वयात घरची अडचण प्रथम मुलीच्या शाळेवर येते. म्हणून माझी कार्यकारिणीस नम्र सूचना आहे : गुणवंतांस पारितोषिके अवश्य द्यावीत, परंतु निधीचा काही भाग आठवीनंतर शाळा सुटू पाहणाऱ्या मुलींसाठी राखून ठेवावा. पहिल्या वर्षासाठी माझे एक महिन्याचे निवृत्तिवेतन मी आजच चिटणीसांच्या स्वाधीन करीत आहे.