एमेलोर्ड : समुद्रामुळें सोडावें लागलेलें गांव



नेदरलँड्स देशांतील झायडरझे खाडींत स्खोकलंड नांवाचें एक चिंचोळें बेट होतें. त्याच्या उत्तर टोंकास एमेलोर्ड हें कॅथोलिक कोळ्यांचें गांव. दक्षिणेस प्रॉटेस्टंट वस्ती. तेथील मऊ भूमि लाटा सदैव पोखरीत असत; म्हणून मातीचे उंचवटे रचून त्यांवर लोक घरें बांधीत. १८२५ सालच्या महापुरांत बेटावरील १३ माणसें दगावलीं. पुढें दारिद्र्य व धोका इतका वाढला कीं, १८५९ सालीं राजे तिसरे विल्यम यांच्या आज्ञेनें सुमारें ६५० रहिवाशांस बेट सोडावें लागलें. एमेलोर्डकरांपैकीं पुष्कळ कुटुंबें फोलेंडाम या कॅथोलिक गांवीं गेलीं. १८४२ सालीं उभारलेलें त्यांचें ख्रिस्तमंदिर उतरविण्यांत आलें, व त्याच्याच साहित्यानें ओमेन गांवीं नवें मंदिर उभें राहिलें.

१९३२ सालीं खाडीच्या मुखाशीं प्रचंड बांध पुरा झाला आणि १९४२ सालीं बेटासभोंवतालचें पाणी आटविण्यांत आलें. आज तें बेट शेतांमधील एक लांबट उंचवटा आहे. १९९५ सालीं युनेस्कोनें त्यास जागतिक वारसा मानिलें. जवळच वसविलेल्या नव्या नगरास एमेलोर्ड हेंच नांव दिलें आहे. समुद्र हटला खरा, पण तोंवर ८३ वर्षें उलटलीं होतीं!

बंधुजनहो, महोत्सवाच्या दिवशीं आपण भिंतींचीं वर्षें मोजतों. एमेलोर्डच्या भिंती उतरल्या, भूमिही सुटली. तरी तेथील कुटुंबें श्रद्धा बरोबर घेऊन गेलीं. धर्मग्राम म्हणजे काय, हें त्या कोळ्यांनीं आपणांस शिकविलें आहे. आपल्या मंदिराची डागडुजी अवश्य करूं या. परंतु त्याआधीं शेजाऱ्याशीं तुटलेलें नातें सांधूं या.