दाभोळची खाडी

(ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांच्यापुढे केलेले भाषण)



नदी कोठे संपते आणि खाडी कोठे सुरू होते, हे नकाशावर रेघ ओढून दाखविता येत नाही. सह्याद्रीत उगम पावलेली वाशिष्ठी चिपळूणपर्यंत नदी म्हणूनच वाहते. गोवळकोटच्या आसपास समुद्राच्या भरतीचे पाणी तिला सामोरे येते, पुढे खेडकडील जगबुडी तिला मिळते आणि उत्तरेस दाभोळ, दक्षिणेस अंजनवेलचा गोपाळगड यांच्यामधून ती अरबी समुद्रात शिरते.

बहामनी काळात दाभोळ हे पश्चिम किनाऱ्यावरील एक प्रमुख बंदर होते. पंधराव्या शतकात रशियन प्रवासी अफनासी निकितिन याने भारताचा निरोप घेतला तो येथूनच. १५०८ च्या डिसेंबरअखेरीस पोर्तुगीज व्हाइसरॉय अल्मेदा याने हे शहर जाळून लुटले. १६६० मध्ये शिवाजी महाराजांनी दाभोळ आपल्या ताब्यात घेतले. या बंदराचे वैभव निव्वळ समुद्रावर अवलंबून नव्हते, हे मात्र पाठ्यपुस्तकांतून क्वचितच सांगितले जाते. जहाजांतून उतरलेला माल होड्यांत भरावा, भरती लागताच होड्या आत सोडाव्यात आणि गोवळकोटहून बैलांच्या पाठीवर तो कुंभार्ली घाटाने कराडकडे न्यावा, असा हा व्यवहार होता. ओहोटीबरोबर त्याच होड्या परत येत. भरती-ओहोटी, उधाण आणि भांग हेच त्या व्यापाराचे वेळापत्रक!

पुढे रस्ते झाले, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि खाडीकडे आपली पाठ फिरली.

खाडी मात्र बदलतच होती. डोंगरउतारावरील माती पावसाबरोबर खाली येते आणि भरतीच्या पाण्याने प्रवाहाचा वेग जेथे मोडतो, तेथे ती बसते. त्यातून पात्रात गाळाची बेटे तयार होतात. यात भर म्हणजे, कृष्णेच्या खोऱ्यातील कोयनेचे पाणी पोफळीच्या भूमिगत वीजगृहातून १९६२ पासून वाशिष्ठीतच येते. उन्हाळ्यात ते वरदान वाटते. पावसाळ्यात मात्र त्याचाही हिशेब ठेवावा लागतो.

२२ जुलै २०२१ रोजी चिपळूण बुडाले, तेव्हा अतिवृष्टी आणि भरती यांची गाठ पडली होती. वरून येणाऱ्या लोंढ्याला खाली वाट मिळेना. त्यानंतर नागरिकांनी आंदोलन केले आणि गाळ काढण्याचे काम हाती घेण्यात आले. परंतु केवळ शहराजवळचे पात्र खोल करून भागत नाही. खालच्या अंगाची खाजणे भरावाने बुजविली, कांदळवने तोडली, तर भरतीच्या पाण्याला पसरण्यास जागा उरत नाही, आणि त्याची झळ वरच्या गावाला बसते. भरावाची परवानगी मागणारा अर्ज पंचायतीपुढे येईल तेव्हा सदस्यांनी जागेवर जावे. तेही उधाणाच्या दिवशी, भरतीच्या वेळी.

शिक्षकांना एक विनंती. २००५ आणि २०२१ च्या पुराचे पाणी गावात कोठवर चढले होते, हे वडीलधाऱ्यांना विचारून शाळेच्या भिंतीवर त्या पातळीची रंगाने खूण करून ठेवा. नवे घर बांधू पाहणाऱ्याला जोत्याची उंची ठरविताना ती खूण उपयोगी पडेल.